संत गोन्सालो गार्सिया : सुखवस्तू जीवनाकडून समर्पित जीवनाकडे

वसईच्या भूमीत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया हे ख्रिस्तसभेने संतपदाचा मान दिलेले पहिले भारतीय होत. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी नगरीत पंचवीस सोबत्यांसमवेत त्यांना क्रुसावर चढवून भाल्यांनी विद्ध करण्यात आले. १६२७ साली पोप आठवे अर्बन यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांची संतमालिकेत गणना केली. वैश्विक ख्रिस्तसभा ६ फेब्रुवारी रोजी ‘संत पॉल मिकी व सोबती’ या नावाने या सव्वीस रक्तसाक्ष्यांचे स्मरण करते.

एवढी माहिती आपल्या बहुतेक भाविकांना धर्मशिक्षणाच्या वर्गापासून ठाऊक असते. तथापि रक्तसाक्षित्वाच्या तेजापुढे संतांच्या आयुष्यातील एक आधीची घटना झाकोळून जाते. नागासाकीच्या टेकडीवर प्राण देण्यापूर्वी काही वर्षे गोन्सालो यांनी आणखी एक त्याग केला होता, आणि तो करताना त्यांच्यावर कोणीही शस्त्र उगारलेले नव्हते. पूर्वेकडील सागरी व्यापारात उत्तम जम बसलेला असताना त्यांनी तो व्यापार सोडला व अनवाणी राहणाऱ्या फ्रान्सिस्कन संघात ते साधे धर्मबंधू म्हणून दाखल झाले. आमच्या मते आजच्या प्रापंचिक भाविकाला त्यांच्या चरित्रातील हाच भाग अधिक जवळचा वाटावा. क्रुसावरील मरणाचा प्रसंग आपल्यापैकी फार थोड्यांवर येईल. सुस्थितीत असताना काय करायचे हा प्रश्न मात्र घरोघरी आहे.

हा लेख लिहिताना आंबिवली-मोहने परिसरातील कॅथलिक कुटुंबे विशेषेकरून आमच्या डोळ्यांसमोर आहेत. कल्याण-कसारा लोहमार्गावर शहाड आणि टिटवाळा यांच्या दरम्यान असलेले आंबिवली हे आज कल्याण-डोंबिवलीच्या विस्ताराचा भाग झाले आहे. मुंबईत घर परवडत नाही म्हणून कल्याणच्या पलीकडे वस्तीला गेलेल्या कुटुंबांत आपली माणसेही आहेत: कोणी वसईकडचे, कोणी मंगळूर-गोव्याकडचे, कोणी केरळ-तामिळनाडूतून आलेले. हा परिसर लॅटिन विधीच्या मुंबई महाधर्मप्रांतात मोडतो. सिरो-मलबार विधीच्या भाविकांसाठी १९८८ साली कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला. पहाटेच्या लोकलने निघायचे आणि रात्री परतायचे, असा दिनक्रम असलेल्या माणसाला ‘सुखाचा त्याग करा’ असे वेदीवरून सांगितले तर तो मनात म्हणेल, फादर, सुख आहे कुठे? त्याचे हे म्हणणे गंभीरपणे ऐकण्यासारखे आहे. संत गोन्सालो यांनी नेमके काय सोडले, हे त्यासाठीच नीट पाहिले पाहिजे.

वसई ते जपान

१५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या अमलाखाली आली. त्यानंतर सुमारे वीस-बावीस वर्षांनी, म्हणजे १५५६-५७ च्या सुमारास, गोन्सालो यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज होते व आई याच भूमीतील होती. येशूसंघीय धर्मगुरूंच्या वसई येथील शाळेत त्यांचे शिक्षण झाले. तेथील एका धर्मगुरूंचा त्यांच्यावर विशेष लोभ होता, आणि त्यांच्यासमवेतच वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी हा मुलगा जपानला गेला.

संत फ्रान्सिस झेवियर १५४९ च्या ऑगस्टमध्ये कागोशिमा येथे उतरले तेव्हापासून येशूसंघीयांचे कार्य जपानमध्ये रुजू लागले होते. धर्मगुरूंची संख्या अल्प होती व भाषा कठीण होती. त्यामुळे धर्मशिक्षण देणे, आजाऱ्यांस भेटणे, प्रवचनाचा अनुवाद करणे ही कामे मोठ्या प्रमाणावर प्रापंचिक सहायकांकडे असत. धर्मगुरूंसोबत राहून हे काम करणाऱ्या सहायकांना जपानमध्ये ‘दोजुकू’ म्हणत. तरुण गोन्सालो अनेक वर्षे धर्मशिक्षक म्हणून राबले. जपानी भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली की पुढे राज्यकर्त्यासमोर दुभाषी म्हणून उभे राहण्याची पात्रता त्यांच्या अंगी आली.

येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची उत्कट इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. यामागील कारणांविषयी चरित्रकारांनी निरनिराळे तर्क केले आहेत. त्यांच्या खोलात आम्ही शिरत नाही. पाहण्यासारखे आहे ते हे, की ऐन उमेदीची वर्षे देऊनही ज्याला दार उघडले गेले नाही अशा तरुणाने पुढे काय केले. आपल्या धर्मग्रामांत एखाद्याला समितीवर घेतले नाही किंवा वाचनाची पाळी दिली नाही तर तो वर्षभर मंदिराच्या मागच्या बाकावरही दिसत नाही. गोन्सालो दुखावले गेले असतील. माणूसच होते ते. परंतु त्यांनी ख्रिस्तसभेशी अबोला धरला नाही.

भरभराटीची वर्षे

ते व्यापाराकडे वळले. १५७१ पासून नागासाकी हे पोर्तुगीज जहाजांचे बंदर झाले होते. मकाव येथून चीनचे रेशीम जपानला जाई आणि त्या बदल्यात जपानची चांदी परत येई. या व्यापारात जपानी भाषा उत्तम बोलणाऱ्या, स्थानिक रीतिरिवाज जाणणाऱ्या व प्रामाणिक माणसाला किती मोल असेल हे सांगायला नको. गोन्सालो यांचा जम बसला. कामानिमित्त त्यांचे मनिलाला जाणे-येणे होऊ लागले.

या काळात त्यांनी काही पाप केले, धर्म सोडला, पैशाच्या मागे लागून देवाला विसरले, असे कोठेही नोंदलेले नाही. संतांच्या कथा सांगताना आपल्याला एक सवय जडली आहे. आधी घोर पतन, नंतर विजेच्या लोळासारखे परिवर्तन आणि मग संतत्व. संत ऑगस्टिन किंवा संत इग्नाती यांच्या बाबतीत त्या मांडणीत काही तथ्य असेल. गोन्सालो यांच्या बाबतीत ती लागू पडत नाही. ते सचोटीचे व्यापारी आणि श्रद्धावंत ख्रिस्ती होते. आजच्या भाषेत बोलायचे तर सणाला देणगी देणारा, मिस्सा न चुकवणारा, फादरांना अडीअडचणीला गाडी पाठवणारा असा तो सज्जन गृहस्थ होता. अशा माणसाला कोणताही धर्मगुरू ‘हे सोडून दे’ असे सांगणार नाही. खरे तर त्याने ते सोडू नये असेच आम्हा धर्मगुरूंना मनातून वाटत असते. दाता गेला तर मंदिराच्या छपराचे काय?

तरीही त्यांनी ते सोडले. मनिला येथे ते फ्रान्सिस्कन बंधूंच्या सहवासात आले व त्यांच्या संघात धर्मबंधू म्हणून त्यांनी प्रवेश घेतला. धर्मबंधू म्हणजे ज्याला गुरुदीक्षा मिळालेली नाही असा व्रतस्थ. वेदीवरील मान, प्रवचनाचा मान, ‘फादर’ हे संबोधन यांपैकी काहीही त्याच्या वाट्याला येत नसे. दार उघडणे, स्वयंपाक, रुग्णांची शुश्रूषा, भिक्षा मागणे ही त्याची कामे असत.

येथे संत फ्रान्सिस यांच्या नियमावलीतील एक तरतूद आठवली पाहिजे. पोप तिसरे होनोरियस यांनी २९ नोव्हेंबर १२२३ रोजी मान्य केलेल्या त्या नियमावलीत बंधूंनी नाणे किंवा पैसा स्वतः अथवा दुसऱ्यामार्फतही स्वीकारू नये असे बजावलेले आहे. ज्याचे आयुष्य सौद्याच्या हिशोबात गेले, त्याने नाण्याला हात लावायचा नाही असे व्रत घेतले! अनवाणी पाय आणि जाडाभरडा झगा यांपेक्षा ही गोष्ट अधिक कठीण गेली असावी. पैसा हाती असला की माणसाला स्वतःचा निर्णय स्वतः घेता येतो; कोठे जायचे, कोणाला मदत करायची, किती करायची, केव्हा थांबवायची हे तो ठरवतो. दान करणारा सज्जनही ही मुखत्यारी स्वतःकडे राखून ठेवतो. गोन्सालो यांनी सोडली ती ही राखून ठेवलेली मुखत्यारी. शुभवर्तमानातील धनवान तरुणाची गोष्ट याच ठिकाणी अडते. त्याने सर्व आज्ञा पाळल्या होत्या, येशूने त्याच्याकडे प्रेमाने पाहिले, आणि तरीही तो खिन्न होऊन निघून गेला, असे संत मार्क आपल्या दहाव्या अध्यायात सांगतात.

पुन्हा जपान

दरम्यान जपानमधील वातावरण पालटले होते. सत्ताधीश हिदेयोशी यांनी १५८७ साली मिशनऱ्यांनी देश सोडावा असे फर्मान काढले. ते कडकपणे अमलात आले नाही, तरी टांगती तलवार कायम होती आणि येशूसंघीय सावधपणे, गाजावाजा न करता काम करीत होते. अशा वेळी १५९३ मध्ये फिलिपाइन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरांनी फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ हिदेयोशींकडे पाठवले. त्यात दुभाषी म्हणून कोण जाणार हे ठरवायला फारसा वेळ लागला नसावा.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. धर्मशिक्षक म्हणून घालवलेली जी वर्षे व्यर्थ गेली असे गोन्सालो यांना कधी वाटले असेल, त्याच वर्षांत शिकलेली भाषा आता उपयोगी पडली. व्यापारात मिळालेला माणसांचा अनुभवही कामी आला असणार. व्रतस्थ होताना त्यांनी संपत्ती सोडली. भाषा, व्यवहारज्ञान व धाडस मात्र सोबत नेले. त्यागाचा अर्थ स्वतःला रिकामे, निरुपयोगी करून घेणे असा काही भाविक लावतात आणि त्यालाच नम्रता समजतात. तसे असते तर हिदेयोशींसमोर बोलायला कोणी उरले नसते.

शिष्टमंडळाला राहण्याची अनुमती मिळाली. क्योतो येथे जागा मिळून तेथे मंदिर व मठ उभा राहिला आणि त्यालगत कुष्ठरुग्णांसाठी रुग्णालय सुरू झाले. तीन वर्षे हे कार्य चालले. १५९६ च्या ऑक्टोबरमध्ये ‘सान फेलिपे’ नावाचे स्पॅनिश जहाज वादळात सापडून शिकोकू बेटाच्या किनाऱ्याला लागले. त्यावरील मालाच्या जप्तीवरून तंटा उद्भवला, मिशनरी हे स्पॅनिश आक्रमणाची पूर्वतयारी आहेत असा संशय बळावला आणि हिदेयोशींचा रोष फ्रान्सिस्कन बंधूंवर कोसळला. ८ डिसेंबर १५९६ रोजी त्यांना जेरबंद करण्यात आले. ३ जानेवारी १५९७ रोजी क्योतोमध्ये कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला, आणि ऐन थंडीत त्यांची नागासाकीकडे धिंड निघाली. महिनाभराच्या त्या प्रवासानंतर ५ फेब्रुवारी रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस उभे राहिले.

या सव्विसांत सहा जण फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय व सतरा जपानी प्रापंचिक होते. प्रापंचिकांत धनुष्ये बनवणारा कारागीर होता, वैद्य होता, सुतार होता, आणि बारा ते पंधरा वर्षांच्या वयाची तीन मुले होती. आणखी एक बाब आमच्या प्रवचनांत क्वचितच येते. क्योतोहून निघालेल्या कैद्यांची संख्या चोवीस होती. पीटर व फ्रान्सिस या नावाचे दोन ख्रिस्ती प्रापंचिक वाटेने कैद्यांची सेवा करीत सोबत चालत होते. पहारेकऱ्यांनी त्यांनाही कैद्यांत ओढले, आणि चोविसांचे सव्वीस झाले. त्या दोघांना कोणी शिक्षा ठोठावलेली नव्हती. थंडीत चालणाऱ्या माणसांना पाणी, अन्न, आधार देण्यासाठी ते घरातून निघाले होते, इतकेच.

सर्वांनी सर्व सोडायचे काय?

येथे एक रास्त शंका उपस्थित होते. प्रत्येक ख्रिस्ती माणसाने व्यवसाय सोडून मठात जायचे काय? शुभवर्तमान तसे सांगत नाही. लेवीने जकातीचे नाके सोडले, पण त्याच संध्याकाळच्या मेजवानीसाठी त्याचे घर उपयोगी पडले. जक्कयने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली व लुबाडलेले चौपट परत करण्याचा शब्द दिला. तो यरीहोतच राहिला. मार्था आणि मरिया यांनी बेथानीचे घर विकले असते तर प्रभूला विसावा कोठे मिळाला असता? अरिमथाईकर योसेफाची मालमत्ता एका कबरीच्या रूपाने अखेरच्या क्षणी कामी आली.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी प्रसिद्ध केलेल्या ख्रिस्तसभेविषयीच्या संविधानाचा पाचवा अध्याय पवित्रतेच्या सार्वत्रिक पाचारणाला वाहिलेला आहे. पवित्रता ही केवळ व्रतस्थांची मिरास असल्याचा गैरसमज त्याने दूर केला. १९८३ च्या धर्मविधिसंहितेचा २२२ वा नियम तर सरळ कर्तव्याच्या भाषेत बोलतो: ख्रिस्तसभेच्या गरजा भागवणे, सामाजिक न्यायाला हातभार लावणे आणि स्वतःच्या मिळकतीतून गरिबांना साहाय्य करणे ही सर्व श्रद्धावंतांवरील बंधने होत. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ साली आपल्या पत्रातून ‘शेजारच्या घरातील’ संतांकडे लक्ष वेधले. पोप चौदावे लिओ यांनी ४ ऑक्टोबर २०२५ रोजी, म्हणजे संत फ्रान्सिस यांच्या सणादिवशी, स्वाक्षरी केलेले पहिले प्रबोधनपर पत्रही गरिबांवरील प्रेमाविषयीच आहे.

तेव्हा मार्ग अनेक आहेत. मात्र ‘सर्वांनी सर्व सोडायचे नाही’ हे वाक्य ऐकताच आपल्याला जो सुटकेचा निःश्वास टाकावासा वाटतो, तो संशयास्पद आहे असे आम्हांस वाटते.

कल्याणचा एक विद्यार्थी

गोन्सालो यांची कथा चार शतके जुनी आणि दूरदेशीची आहे. आपल्या काळाला व आपल्या भाषेला अधिक जवळचे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे आहे. ते कॅथलिक नव्हते, अमेरिकन मराठी मिशनशी संबंधित होते. तथापि ज्यांची भजने गाऊन आपण मोठे झालो त्यांना परके मानण्याचे कारण नाही. १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मलेल्या टिळकांचे प्राथमिक शिक्षण १८६९ ते १८७३ या काळात कल्याणमध्ये झाले. आंबिवलीहून कल्याण दोन स्थानकांवर आहे. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर अहमदनगर येथे शिक्षक, धर्मसेवक, संपादक व कवी म्हणून त्यांची कीर्ती झाली. १९१७ साली, वयाच्या छपन्नाव्या वर्षाच्या आसपास, त्यांनी मिशनची नोकरी व वेतन सोडले आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ हा उपक्रम आरंभला. ख्रिस्ताचा शिष्य होण्यासाठी भारतीय माणसाने भारतीयच राहावे, आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांचे एक कुटुंब व्हावे, ही त्यामागील कल्पना होती. अवघ्या दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, ते निवर्तले.

टिळकांच्या उदाहरणात एक बाब गोन्सालो यांच्यापेक्षा वेगळी आहे. टिळक प्रपंची होते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात घरातील वस्तू व पैसे दुसऱ्याला देऊन मोकळे होणाऱ्या पतीबरोबरचा संसार विलक्षण विनोदबुद्धीने रंगवला आहे. वाचक हसतो, आणि हसता हसता त्याच्या ध्यानात येते की पुरुषाच्या त्यागाची किंमत पुष्कळदा चुलीपुढे बसलेली स्त्री मोजते. हे पुस्तक आमच्या मते प्रत्येक धर्मगुरूने आणि प्रत्येक उत्साही धर्मग्रामसेवकाने वाचले पाहिजे. मुलांचा अभ्यास, वृद्ध आईचे औषधपाणी, पत्नीची प्रकृती यांकडे पाठ फिरवून रोज संध्याकाळी प्रार्थनासभांना हजर राहणारा माणूस आपले सुख सोडत नसून आपले ओझे दुसऱ्यावर टाकत असतो. आईवडिलांना द्यायचे ते देवाला वाहिले आहे असे सांगून हात झटकणाऱ्यांची येशूने कडक शब्दांत कानउघाडणी केल्याचे संत मार्क यांच्या सातव्या अध्यायात नमूद आहे. त्याचबरोबर लक्ष्मीबाई केवळ सोसत राहिल्या असेही नाही. पतीच्या निधनानंतर त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पुढे नेले. घरातील दोघांनी मिळून केलेला निर्णय आणि एकाने दुसऱ्यावर लादलेला निर्णय यांत फार अंतर असते.

ज्यांच्याकडून काढून घेतले गेले

आता आंबिवलीकडे येऊ. मोहने येथील नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा कारखाना, अर्थात लोकांच्या तोंडची ‘एनआरसी’, ही या परिसराची कित्येक दशके जीवनवाहिनी होती. वसाहत, शाळा, बाजार सारे तिच्याभोवती वाढले. २००९ साली कारखाना बंद पडला. हजारो कामगारांचा रोजगार गेला व थकीत देण्यांचा प्रश्न पुढे कित्येक वर्षे चालत राहिला. या कुटुंबांनी सुख ‘सोडले’ नव्हते, ते त्यांच्या हातून निसटले. त्यांना त्यागाचे प्रवचन देणे हे जखमेवर मीठ चोळण्यासारखे होईल. लादलेली गरिबी आणि स्वीकारलेली गरिबी या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीशी ख्रिस्तसभेने झगडायचे असते. दुसरी ही देणगी असते व ती मोकळ्या मनाने दिल्यासच खरी ठरते. काही प्रवचनकार दोहोंची गल्लत करून गरिबांना ‘धन्य’ म्हणून परत पाठवतात. ते शुभवर्तमान नव्हे.

तरीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. मुखत्यारी राखून ठेवण्याचा मोह श्रीमंतापुरता मर्यादित नाही. रविवारची एकच सुटी असलेल्या माणसासाठी त्या सकाळचे दोन तास हीच त्याची चांदी असते. ते तास झोपेसाठी राखून ठेवणे अगदी न्याय्य आहे, आणि म्हणूनच त्यातील एक तास देणे ही खरी देणगी ठरते. त्या तासात काय होऊ शकते याची उदाहरणे आंबिवलीच्या पट्ट्यात शोधायला लांब जावे लागत नाही. तमिळ किंवा मल्याळम घरातील मुले मराठी शाळेत जातात आणि त्यांना प्रार्थना एका भाषेत व अभ्यास दुसऱ्या भाषेत करावा लागतो. दोन्ही भाषा येणाऱ्या एखाद्या तरुणीने त्यांना धर्मशिक्षण दिले तर ती गोन्सालो यांनी पंधराव्या वर्षी सुरू केलेलेच काम करीत असते. कारखान्यात हिशेबनीस असलेल्या निवृत्त गृहस्थाला भविष्यनिर्वाह निधीचे अर्ज भरता येतात. शेजारच्या विधवेला ते येत नाहीत. शहापूर-मुरबाडच्या आदिवासी पाड्यांतून मजुरीला आलेल्या कुटुंबाला रुग्णालयात कोणत्या खिडकीवर केसपेपर काढायचा हे सांगणारे माणूस हवे असते. या कामांना छायाचित्र लागत नाही व सत्कारही होत नाही, त्यामुळे आपल्या वार्षिक अहवालांत त्यांना जागा मिळत नसावी.

याउलट जी सुखे सहज सुटतात त्यांची आपण फार वाहवा करतो. उपवासकाळात चाळीस दिवस मांसाहार वर्ज्य करून पुनरुत्थानाच्या सणाला त्याचे उट्टे काढणे हे त्यांपैकी एक. उपवास चांगलाच आहे. परंतु वाचलेले पैसे कोठे गेले हा प्रश्न प्राचीन धर्मपित्यांनी विचारला होता आणि तो आजही विचारण्यासारखा आहे. धर्मगुरूंनाही यातून सुटका नाही. मोठ्या धर्मग्रामातील वास्तव्य, परिचित माणसे, वेळेवर मिळणारे जेवण यांची सवय आम्हांलाही लागते आणि बदलीचे पत्र आले की आज्ञापालनाच्या व्रताची खरी परीक्षा होते.

ज्या तरुण-तरुणींच्या मनात धर्मगुरू, धर्मभगिनी वा धर्मबंधू होण्याचा विचार डोकावत असेल, त्यांनी गोन्सालो यांना एकदा नकार मिळाला होता हे ध्यानात ठेवावे. नोकरी लागली, आता वय झाले, घरचे काय म्हणतील, अशा कारणांनी हा विचार गाडून टाकण्याआधी आपल्या धर्मग्रामातील धर्मगुरूंशी मोकळेपणी बोलावे. धर्मबंधूचे पाचारण हे गुरुदीक्षेहून खालच्या पायरीचे आहे असा जो समज आपल्याकडे रुजला आहे, त्याला तर वसईच्याच या संताने कृतीने उत्तर दिलेले आहे. विवाहितांनी हा विषय आधी आपल्या जोडीदाराशी बोलावा आणि महिन्याकाठी किती वेळ व किती मिळकत खरोखर दुसऱ्याच्या स्वाधीन करता येईल हे दोघांनी मिळून ठरवावे. ‘स्वाधीन’ हा शब्द आम्ही जाणीवपूर्वक वापरला आहे. दिल्यावर त्याचा हिशेब मागत बसायचे नाही.

संतांचे दर्शन घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडी माहिती. वसई तालुक्यातील गास येथील चर्च संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाचे आहे, आणि वसईच्या किल्ल्यातही त्यांचे स्मरण जपलेले आहे. आंबिवलीहून येणाऱ्यांनी कल्याणमार्गे दिवा स्थानक गाठून दिवा-वसई मार्गाची गाडी धरावी. या मार्गावरील गाड्या मोजक्याच आहेत, तेव्हा वेळापत्रक आधी पाहून निघावे. नागासाकी येथे निशिझाका टेकडीवर १९६२ साली, संतघोषणेला शंभर वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने, सव्वीस रक्तसाक्ष्यांचे स्मारक व संग्रहालय उभारण्यात आले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली व पोप फ्रान्सिस यांनी २४ नोव्हेंबर २०१९ रोजी तेथे प्रार्थना केली. स्मारकाच्या भिंतीवर सव्वीस आकृती एका ओळीत उभ्या आहेत. वसईचे गोन्सालो तेथे आहेत, आणि सेवेसाठी घरातून निघालेले पीटर व फ्रान्सिस हेही.